पोट ऐकणारे सर

आमच्या सर्जनसाहेबांना वॉर्डात पंखा चाललेला खपायचा नाही. आत आले की पहिला हात बटणावर. मे महिना असो, चाळीस खाटांच्या वॉर्डात साठ बायका झोपलेल्या असोत, पंखा बंद. मग काखेत मारलेलं लाल प्लास्टिकचं स्टूल खाटेशी लावून बसायचे, पेशंटच्या पोटावर स्टेथोस्कोप ठेवायचे आणि डोळे मिटायचे. दोन-दोन, तीन-तीन मिनिटं. कोणी खोकलं तर डोळे न उघडता म्हणायचे, "गप्प. पोट बोलतंय."

बायका घामाने भिजायच्या. नातेवाईक एकमेकांकडे बघायचे. कोणी कोणी मला हळूच विचारायचं, "मावशी, झोपले का हो डॉक्टर?"

मी त्या वॉर्डात आया होते. शिक्षण चौथी. घाटकोपरच्या पुढे एका ट्रस्टचं ते जुनं हॉस्पिटल. नाव सांगत नाही, सांगून कुणाचा फायदा नाही. सरांचंही सांगत नाही. माणूस विचित्र होता एवढं खरं. चांगला होता का, असं मला विचारलं तर मी म्हणेन, कामाचा होता.

पोट अडलेले पेशंट आमच्याकडे फार यायचे. शी बंद, वारा बंद, पोट ढोलासारखं आणि उलट्या हिरव्या. सर म्हणायचे, अडलेलं आतडं आधी जोरात बोलतं, कारण ते पुढे ढकलायला धक्के मारत असतं. मग दमतं. बोलणाऱ्या पोटाला घाबरू नका, गप्प झालेल्याला घाबरा. एकदा त्यांनी माझ्या कानाला ते यंत्र लावलं होतं. रिकाम्या पिंपात नळ गळत असावा तसा टिण-टिण आवाज. मी म्हटलं, "सर, हे तर बरंच बोलतंय." म्हणाले, "तुझ्यापेक्षा कमीच."

बाकीचे डॉक्टर ऑपरेशन झालेल्या पेशंटला "गॅस पास झाला का" असं विचारायचे. सर सरळ विचारायचे, "पादलात का?" मोठ्याने, वॉर्डाच्या या टोकावरून त्या टोकाला. चांगल्या घरच्या बायका तोंडावर पदर घ्यायच्या. एका सिस्टरने सांगून बघितलं, सर, जरा बरं वाटेल असं विचारा. म्हणाले, "गॅस म्हटलं की बाईला सिलिंडर आठवतो. परवा एक जण म्हणाली, मिस्टर गेलेत आणायला." आणि एखादी म्हातारी लाजत "हो" म्हणाली की सर स्टूलवरून उठायचे आणि तिच्याशी हात मिळवायचे. जन्मात कोणा पुरुषाने हात न मिळवलेल्या बायका त्या. आतडं चालू झाल्याची पहिली खूण म्हणजे वारा, आणि सरांच्या लेखी त्याहून मोठी बातमी नव्हती.

नातेवाइकांशी त्यांचं रोजचं भांडण एरंडेलावरून.

"घरी काय पाजलंत?"

"काही नाही, साहेब."

सर वाकून पेशंटच्या तोंडाचा वास घ्यायचे. "मग हे काय, अत्तर?"

"थोडंसं एरंडेल. पोट साफ व्हावं म्हणून."

"तुमच्या चाळीतली मोरी तुंबली तर वरून आणखी पाणी ओतता?"

"नाही, साहेब."

"काय करता?"

"बांबू घालतो."

"तो बांबू म्हणजे मी. पण तुम्ही तीन दिवस पाणी ओतून आलात."

वॉर्ड हसायचा. सर हसायचे नाहीत. खरं सांगायचं तर आमच्या चाळीतही कुणाचं पोट दुखलं की बेंबी सरकली म्हणून मीच चोळून द्यायचे. एरंडेलही मीच द्यायचे. हॉस्पिटलात लागल्यावर बंद केलं. किती जणांचं नुकसान केलं असेल ते देव जाणे, मी मोजत बसले नाही.

हाउसमन म्हणजे नवे शिकाऊ डॉक्टर, त्यांना सर फार छळायचे. कुणी म्हणालं, "सर, खाट नंबर नऊ, आतडं अडलंय," की सर म्हणायचे, "ते तिच्या नवऱ्यालाही कळलंय. का अडलं?" पोटावर जुना टाका असेल तर आत आतडी चिकटलेली असू शकतात. महिनोन् महिने बारीक ताप असेल, वजन उतरलं असेल, तर आतड्याचा टीबी. झोपडपट्टीतून तो फार यायचा. म्हाताऱ्या माणसाचं आतडं पिळा पडून फिरतं. लहान मुलांत जंतांचा गोळा. आणि हर्निया. जांघेच्या घडीत लिंबाएवढी गाठ असते, आतड्याचा तुकडा तिथे अडकून बसतो आणि डॉक्टर वर पोट दाबत राहतो. "जांघ बघितल्याशिवाय माझ्याशी बोलू नका," हे सरांचं ठरलेलं वाक्य.

मोठं स्कॅनिंगचं मशीन आमच्याकडे नव्हतं. दुसऱ्या हॉस्पिटलात पाठवायचं तर तिथे रांग, आणि पेशंट रस्त्यात ओकत जाणार. एक्स-रे होता, तो त्याच्या मर्जीने चालायचा. पोटातलं पाणी नाकातल्या नळीने ओढायचं मशीन बंदच होतं, सिस्टर तासातासाला सिरिंजने ओढायच्या आणि मी भांडं रिकामं करायचे. सर मला रंग विचारायचे. "हिरवा" म्हटलं तर मान हलवायचे. "शेणासारखा" म्हटलं की हातातलं काम टाकून उठायचे.

त्यांचा डबा हा वेगळाच प्रकार. वॉर्डात अर्ध्या जणींच्या तोंडाला पाणीसुद्धा लावायचं नसायचं, म्हणून सर कपड्यांच्या खोलीत, धुतलेल्या चादरींच्या कपाटामागे उभ्याने जेवायचे. दार लावून, चोरासारखे. एकदा मी चादरी काढायला गेले तर तोंडात पोळी तशीच ठेवून मला म्हणाले, "बाहेर सांगू नकोस." मी म्हटलं, "वास लपत नाही, सर. लसणाची चटणी आहे." दुसऱ्या दिवसापासून चटणी बंद.

रिटायर झाल्यावर ते डहाणूच्या बाजूला कुठल्या लहानशा हॉस्पिटलात गेले, स्टूल घेऊन. तिथेच वारले असं कोणी म्हणतं, कोणी म्हणतं अजून आहेत. मी चौकशी केली नाही.

आता माझं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय सर कळायचे नाहीत.

बायकांची जांघ बघायची म्हणजे अडचण. हाउसमन सगळे पोरगे. बाई परकराची नाडी दोन्ही हातांनी धरून ठेवायची. सिस्टर एक आणि पेशंट साठ. मग केसपेपरवर "जांघ ठीक" असं न बघताच लिहिलं जायचं. सरांना ते कळत होतं. एक दिवस मी बेडपॅन घेऊन चालले होते, तर मला अडवून म्हणाले, "मावशी, तू रोज पन्नास जणींचं सगळं बघतेस ना?"

"बघायची हौस नाही, सर. बघावं लागतं."

"मग आणखी एक गोष्ट बघत जा."

आणि त्यांनी मला शिकवलं. बाईला खोकायला सांगायचं. दोन्ही बाजूंच्या घडीत दोन बोटं ठेवायची. काही टुणकन हाताला लागतं का, दुखतं का, दाबल्यावर आत जातं का. सिस्टरांना राग आला. एक तर तोंडावर म्हणाली, "चौथी पास बाई आता निदान करणार!" सर म्हणाले, "जांघ बघायला एमबीबीएस लागत नाही. डोळे लागतात, ते तुमचे वर असतात." तेव्हापासून मूड असला की मला हाकच मारायचे, "ए चौथी पास!" मी म्हणायचे, "नापास तर नाही ना झाले."

पहिल्याच महिन्यात मला एक गाठ सापडली. कांजूरमार्गहून आलेली मासळी विकणारी बाई, बाहेर चार दिवस गॅसच्या गोळ्या खात होती. त्याच दुपारी ऑपरेशन झालं, आतडं जिवंत होतं, सातव्या दिवशी चालत घरी गेली. नंतर मला पिशवीभर बोंबील आणून दिले. मी फार फुशारले. खोटं का बोलू.

त्यानंतर दोनेक वर्षांनी माझी विहीण आली.

माझी मुलगी मुलुंडला दिली आहे. जावई ऑफिसात, घर स्वतःचं, माणसं चांगली. विहीणबाई ताठ. वाईट नव्हत्या, ताठ होत्या. मी हॉस्पिटलात आया आहे हे त्यांना माहीत होतं, पण त्यांच्या बिल्डिंगमध्ये "हॉस्पिटलमध्ये असतात" एवढंच सांगायच्या. लग्नात मी त्यांचे पाय धुतले होते. मुलाच्या आईचे पाय मुलीच्या आईने धुवायचे, आमच्यात तशी रीत आहे. त्यांनीही पाय पुढे केले होते आणि मीही पाटावर बसून नीट धुतले होते. त्यात मला कमीपणा वाटला नव्हता. पण त्या दिवसापासून आमच्यात एक अंतर ठरून गेलं, ते दोघींनी पाळलं.

दोन दिवस उलट्या आणि पोट फुगलेलं, म्हणून जावई त्यांना शनिवारी दुपारी आमच्याकडे घेऊन आले. माझी ओळख आहे म्हणून. मी निळ्या काठाच्या साडीत बेडपॅन हातात घेऊन उभी, आणि स्ट्रेचरवरून विहीणबाई माझ्याकडे बघतायत. त्यांनी मान फिरवली. खाटेवर घेतल्यावर म्हणाल्या, "विहीणबाई, तुम्ही कशाला त्रास घेता? दुसरी कुणी नाही का?"

"आहे ना," मी म्हटलं, आणि दुसऱ्या आयाला पाठवलं.

सर थिएटरमध्ये होते, एका अपघाताच्या केसमध्ये अडकलेले. मधेच पाच मिनिटं बाहेर आले. विहीणबाईंचं पोट ऐकलं. गर्भाची पिशवी काढल्याचा जुना टाका बेंबीखाली होताच. सर हाउसमनला म्हणाले, "बोलतंय चांगलं. आतडी चिकटली असणार. अशी पुष्कळदा नळी आणि सलाईनवर आपोआप सुटतात. पण जांघ बघून घ्या, हर्निया असला तर थांबायचं नाही." आणि आत जाता जाता मला, "मावशी, तू बघ."

मी पडद्याआड गेले. पडदा तीन कड्यांवर लटकलेला, बाहेर जावई आणि माझी मुलगी. विहीणबाई डोळे मिटून पडलेल्या, नाकात नळी, अंगावर चादर हनुवटीपर्यंत. मी उभी राहिले. ज्या बाईचे पाय मी सगळ्या मांडवासमोर धुतले, तिला परकर सोडा, पाय फाकवा, खोका, असं कसं सांगायचं? दुसरी कोणी असती तर दोन मिनिटांचं काम. मी चादर सारखी केली आणि बाहेर आले.

थिएटरच्या दारातून सरांनी डोकं काढलं. "बघितलंस?"

"बघितलं."

दार बंद झालं.

रविवारी सकाळी राउंडला सरांनी पंखा बंद केला आणि विहीणबाईंच्या पोटावर वाकले. फार वेळ ऐकलं. डोळे उघडले तेव्हा त्यांचा चेहरा मला आवडला नाही. नाडी धरली. "काल बोलत होतं," एवढंच म्हणाले. मग विहीणबाईंना, "दुखणं येतंय-जातंय का?" त्या म्हणाल्या, "आता जात नाही. सारखं आहे."

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. म्हटलं, "सर, मी काल बघितलं नव्हतं."

सिस्टरने माझ्याकडे बघितलं. सरांनी बघितलं नाही. "पडदा ओढ," म्हणाले. त्यांनी स्वतः परकराची नाडी सोडली. उजव्या घडीत आवळ्याएवढी गाठ, वरची कातडी लाल. कुणालाही दिसली असती.

तासाभरात थिएटर. ऑपरेशन संपल्यावर सरांनी मला आत बोलावलं. ट्रेमध्ये वीतभर आतडं होतं, पिकल्या जांभळाच्या रंगाचं, आणि वास. सर म्हणाले, "बघ." मी बघितलं. "नीट बघ." मी नीट बघितलं. मग म्हणाले, "जा आता."

पुढचे दिवस मी विहीणबाईंचं सगळं स्वतः केलं. बेडपॅन, अंग पुसणं, तोंड धुणं. त्यांनी नको म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, "काय झालं होतं मला?"

"जांघेत हर्निया होता. त्यात आतडं अडकलं."

"ती गाठ होय," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं आहे."

"मग सांगितली का नाहीत कुणाला?"

"सांगणार कुणाला? घरात पुरुष. सुनेला कसं सांगायचं?" मग म्हणाल्या, "तुम्हाला सांगितली असती. पण तुम्ही त्या दुसरीला पाठवलंत. मला वाटलं, परत याल."

मी त्यांची उशी सारखी केली. मी परत गेले होते आणि त्या डोळे मिटून होत्या, हे त्यांना माहीतच नव्हतं.

चौथ्या दिवशी सरांनी त्यांना विचारलं, त्यांच्या त्या शब्दात, सगळ्या वॉर्डासमोर. विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि "हो" म्हणाल्या. सरांनी हात मिळवला. जावयांनी मोबाईलवर सगळ्या नातेवाइकांना कळवलं. सहाव्या दिवशी ताप चढला. टाक्यातून घाण यायला लागली. आत जोडलेलं सुटलं होतं. मेलेलं आतडं कापलं की उरलेलं जोडलेलं धरेलच असं नसतं, आणि पेशंट जितका उशिरा येईल तितकं ते कमी धरतं. सरांनी परत उघडलं. आयसीयूची खाट आमच्याकडे नव्हती, तीन ठिकाणी फोन केले, मिळाली नाही. नवव्या दिवशी दुपारी विहीणबाई गेल्या.

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सर सगळ्यांना कपड्यांच्या खोलीत बसवायचे. डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय, आया, सगळे चादरींच्या गाठोड्यांवर. त्या महिन्यात कोण कोण गेलं ते एकेक घ्यायचं आणि कुठे चुकलं ते बोलायचं. सुरुवात सर स्वतःपासून करायचे. दुसऱ्या कुणाची चूक असली तरी आधी स्वतःची शोधून काढायचे, सापडेपर्यंत सोडायचे नाहीत. लोकांना कंटाळा यायचा.

त्या शनिवारी म्हणाले, "खाट नंबर एकवीस. शनिवारी हात मोकळे होताच मी स्वतः बघायला हवं होतं, बघितलं नाही. आणि मी विचारलं, बघितलंस का. हा मूर्खासारखा प्रश्न आहे. याला कोणीही हो म्हणतं. काय दिसलं, असं विचारायला हवं होतं. न बघणाऱ्याला काय दिसलं ते सांगता येत नाही." मग थांबले. माझ्याकडे बघितलं नाही, पण पुढच्या पेशंटवरही गेले नाहीत.

मी उभी राहिले. म्हटलं, "ती माझी विहीण होती. मला लाज वाटली. मी न बघता बघितलं म्हणाले."

एक सिस्टर म्हणाली, "जाऊ दे गं मावशी, एवढ्या जणांत कशाला?"

सर म्हणाले, "एवढ्या जणांतच." आणि पुढच्या पेशंटवर गेले.

मला वाटलं होतं, आता पडद्यामागचं काम जाणार. सोमवारी एक नवीन बाई आली, पोट फुगलेली. सर म्हणाले, "मावशी, जा." मी बाहेर आले तर विचारलं, "काय दिसलं?" मी सांगितलं. मग ते स्वतः आत गेले आणि बघून आले. पुढे प्रत्येक वेळी तसंच. मी बघायची, सांगायची, मग ते बघायचे. शेवटपर्यंत. मी त्यांना कधी म्हटलं नाही की आता तरी विश्वास ठेवा.

त्या शनिवारीच, सगळे गेल्यावर मी त्यांना विचारलं होतं, "सर, केसपेपरवर काय लिहिलंत?" मला इंग्रजी येत नाही.

त्यांनी वाचून दाखवलं. "जांघ वेळेत तपासली नाही. जबाबदारी सर्जनची."

"माझं नाव?"

"आयाचं नाव केसपेपरवर नसतं."

"मग मुलीच्या घरी काय सांगू?"

"ते मला विचारू नकोस," सर चादरींची गाठोडी सरकवत म्हणाले. "मी आतड्यांचा डॉक्टर आहे."

मी पुढच्या रविवारी मुलुंडला गेले. तेरावं होऊन गेलं होतं. जावयांनी आतून खुर्ची आणून दिली. मुलीने चहा ठेवला. जावयांकडे केसपेपरची झेरॉक्स होतीच, त्यांनी ती वाचली होती.

"जांघ तपासली नाही, असं लिहिलंय," ते म्हणाले. "का नाही तपासली?"

"ते काम माझं होतं," मी म्हटलं. "सरांनी मला सांगितलं होतं."

मुलगी गॅसजवळून बघायला लागली. जावयांनी झेरॉक्सची घडी घातली. मग म्हणाले, "आईनेच नको म्हटलं असणार. तिचा स्वभावच तसा. डॉक्टरला दात दाखवायची नाही ती, तुम्हाला काय दाखवणार? तुमची तरी काय चूक?"

ते मनापासून म्हणत होते. मला फक्त मान हलवायची होती. विहीणबाईंचा स्वभाव सगळ्या मुलुंडला माहीत होता. कोणीही उलट विचारलं नसतं.

"त्यांनी नको म्हटलं नाही," मी म्हटलं. "मी त्यांना विचारलंच नाही. आणि सरांना सांगितलं, बघितलं."

जावई उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले, पाठ करून. चहा उतू गेला. मुलीने गॅस बंद केला, ओटा पुसला, फडकं पिळलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, तू आता जा."

मी गेले.